पोपटी धागा

१

अबोली खोलीतून ओरडणं ऐकू आलं तेव्हा सकाळचे साडेदहा वाजून गेले होते आणि इन्स्पेक्टरबाई खालच्या मजल्यावर टॉवेल मोजत होत्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. हॉटेलात सव्वीस वर्षं काढलेल्या माणसाला नुसत्या आवाजावरून कळतं, झुरळ निघालंय, नळ फुटलाय की नवरा-बायकोचं वाजलंय. पण हे ओरडणं त्यांतलं कुठलंच नव्हतं. ते लक्षात आलं तशा त्या टॉवेल टाकून धावल्या.

इन्स्पेक्टरबाई पोलिसातल्या नव्हत्या. त्या हाउसकीपिंगच्या प्रमुख होत्या. खोली तयार झाली की कपाटाच्या माथ्यावरून बोट फिरवून धूळ बघायच्या, म्हणून हाताखालच्या बायकांनी हे नाव ठेवलं. आधी पाठीमागे, मग तोंडावर. आता पगाराच्या कागदावर तेवढं छापून यायचं राहिलं होतं.

या हॉटेलात खोल्यांना नंबर नव्हते, रंग होते. मालक हौशी. बावीस खोल्या, बावीस रंग. पोपटी, जांभळी, मोरपंखी, डाळिंबी, काही विचारू नका. भिंतीपासून कपड्यांच्या पिशवीपर्यंत सगळं त्या एका रंगात. पाहुणे पहिल्या दिवशी फोटो काढायचे आणि तिसऱ्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून गोळी मागायचे.

अबोली खोलीत पन्नाशीच्या एक बाई पलंगाशेजारी फरशीवर बसल्या होत्या. मांडीवर प्लॅस्टिकची रिकामी पिशवी. खिडकीपाशी त्यांचे यजमान उभे होते. हे घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांच्या गावी त्यांचं छोटं दुकान होतं. हॉटेलच्या दर्शनी भागातलं घड्याळ चार वर्षं बंद होतं, ते परवा त्यांनी आपणहून खिशातल्या चिमट्याने चालू करून दिलं होतं. तेव्हापासून सगळा स्टाफ त्यांना घड्याळजी म्हणायला लागला होता.

"नेलं," बाई म्हणाल्या. "उशीखालून नेलं."

"काय नेलं?"

"स्वेटर. राखाडी."

मागून धापा टाकत आलेल्या मॅनेजरचा जीव भांड्यात पडला. "स्वेटर होय! मॅडम, आपण नवीन…"

"नवा काय करायचाय मला?"

घड्याळजी हळूच म्हणाले, "आमच्या मुलीचा आहे. या शहरात नोकरीला होती. आठ महिने झाले, तापाने गेली. आम्ही येऊन पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. खोलीवर खुर्चीच्या पाठीला तो स्वेटर होता, अंगातून काढून ठेवलेला, न धुतलेला. हिने तसाच पिशवीत घालून गाठ मारली. हवा लागू नये म्हणून. रात्री तेवढी गाठ सोडते, उशाशी घेते, सकाळी परत बांधते. आता तिचे ऑफिसातले कागद न्यायला आलो होतो. आज पाचची गाडी आहे."

"त्याला वास आहे," बाई म्हणाल्या. त्या कोणाकडेच बघत नव्हत्या. "तो गेला तर माझ्याकडे काही उरत नाही. कोणी नेला ते शोधा. मला चोर पाहिजे."

इन्स्पेक्टरबाईंनी पिशवी हातात घेतली. कुठे फाटलेली नव्हती. गाठीच्या जागी चुण्या होत्या आणि चुण्यांत जोडीजोडीने बारीक टोचे. नाकाशी नेली तर आत बदामी क्रीमचा गोड वास होता. मग सवयीने त्या पलंग नीट करायला वळल्या, कारण उजवीकडची उशी चुकीची ठेवलेली होती. हात उशीपर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

ती उशी कोणीतरी हलवलेली होती.

२

अबोली खोली साफ केली होती धाकटीने. धाकटी म्हणजे इन्स्पेक्टरबाईंची सख्खी धाकटी जाऊ. सहा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला शब्द टाकून इथे लावलं होतं. हॉटेलात ती त्यांना मॅडम म्हणायची, आणि दोघीच असल्या की जाऊबाई.

चादरींच्या खोलीत दार लावून त्यांनी तिला समोर बसवलं.

"कधी गेलीस आत?"

"नऊ वीसला. ते तिघं नाश्त्याला उतरले, मी लगेच गेले. नवरा-बायको, आणि त्यांची ती पोपटी खोलीतली आत्या. आधी बाथरूम घेतलं, मग कचरा काढला, मग पलंग केला. पावणेदहाला बाहेर."

"पिशवी बघितलीस?"

"उशीखाली होती. फुगलेली, गाठ मारलेली. उचलून टेबलावर ठेवली, चादर बदलली, उश्या ठेवल्या, पिशवी होती तिथे ठेवली. माणसाची वस्तू जिथल्या तिथे. तुम्हीच शिकवलंत."

"कचऱ्यात काय होतं?"

हा प्रश्न त्या रोजच विचारायच्या. माणूस तोंडाने बोलत नाही ते कचऱ्यात टाकतो, असं त्यांचं मत होतं.

"गोळ्यांची रिकामी पट्टी, केळ्याची सालं, आणि क्रीमची एक डबी. काचेची, एवढीशी. आतून अशी कोरून काढलेली, की धुतलीय असं वाटावं. मनात म्हटलं, काय चिक्कू माणसं आहेत! काचेच्या क्रेटमध्ये टाकलीय."

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, आणि विचारला त्या क्षणी त्यांना त्याची लाज वाटली.

"खरं सांग. तू तर नाही ना…"

धाकटी उठून उभी राहिली. एकोणीस वर्षं दोघी एका घरात जेवत होत्या. सासूच्या आजारपणात रात्री वाटून घेतल्या होत्या. एकमेकींची पोरं न्हाऊमाखू घातली होती.

"नाही, मॅडम," धाकटी म्हणाली.

खोलीत दुसरं कोणीही नव्हतं.

३

मॅनेजर पोरगेलासा होता आणि घाबरला की फार व्यवस्थित बोलायचा.

"हे बघा मॅडम, कार्डाच्या कुलपाच्या नोंदी स्पष्ट आहेत. बाईंनी आरडाओरडा करण्याआधी अबोलीचं दार तीनदा उघडलं. नऊ वीसला तुमच्या जाऊबाई, नऊ पन्नासला पाना, दहा पाचला स्वतः पाहुणे, चष्मा न्यायला. पाहुणे स्वतःची वस्तू चोरणार नाहीत. सगळ्यांत जास्त वेळ आत कोण होतं? पाच वाजता ते निघतील, त्याआधी आपण कोणालातरी काढलंय हे त्यांना दिसलं पाहिजे. नाहीतर उद्या सगळीकडे लिहितील."

"पलंग धाकटीने केला आणि उशी त्यानंतर हलली," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे येऊ द्यायचं नाही. दारातून बघणाऱ्याला शिवण दिसता कामा नये. सहा वर्षांत तिची एक उशी चुकलेली नाही. आज डावी बरोबर आहे आणि उजवीचं तोंड दाराकडे आहे. म्हणजे ती गेल्यावर कोणीतरी उचलली आणि उलटी ठेवली."

"उशीच्या तोंडावरून मी मालकांना काय तोंड दाखवू?" मॅनेजर म्हणाला. "पाच वाजेपर्यंत काय ते बघा."

पाना म्हणजे दुरुस्तीवाला. खिशात कायम एक पाना, म्हणून पाना. बोलावल्यावर तो दारातच उभा राहिला, कारण पांढऱ्या चादरींच्या खोलीत त्याला मज्जाव होता. त्याचे हात कोपरापर्यंत काळे होते.

"अबोलीत काय केलंस?"

"शॉवर गळत होता. वॉशर बदलला. पाच मिनिटांत बाहेर. पलंगाकडे बघितलंसुद्धा नाही बाई, आईशप्पथ. माझ्यावर कशाला घेताय?"

इन्स्पेक्टरबाईंनी प्लॅस्टिकची एक पिशवी फुगवली, तिला करकचून गाठ मारली आणि त्याच्या हातात दिली. "ही सोड बरं."

पान्याने गाठीकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं, आणि टर्रकन पिशवी फाडली. "गाठी सोडत बसायला वेळ कोणाला आहे?" त्याच्या हातातल्या चिंध्यांवर पाचही बोटं काळी उमटली होती.

त्याला त्यांनी जायला सांगितलं. अबोलीच्या शॉवरवर, दारावर, दिव्याच्या बटणावर त्याची बोटं होती. पांढऱ्या अभ्र्यावर एक ठिपका नव्हता, पिशवीवर नव्हता. शिवाय ज्याने ती पिशवी उघडली त्याला घाई नव्हती. त्याने ती दातओठ खाऊन मारलेली गाठ फाडली नाही, कापली नाही. काहीतरी टोकदार वापरून धीराने सोडवली होती.

उरली दहा पाचची नोंद. पाहुण्यांचं स्वतःचं कार्ड.

इन्स्पेक्टरबाईंना खुर्चीवरून उठवेना. धाकटी सुटत होती, पण ती सुटण्याची वाट जिकडून जात होती तिकडे त्यांना जायचं नव्हतं.

४

पोपटी खोलीतल्या आत्याबाई, म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण, बॅग भरत होत्या. आवाज असा, की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटावं आपल्यालाच बोलतायत.

"मी नेला असेन असं वाटतंय ना तुम्हाला? वाटू दे. मी तिला शंभरदा सांगितलंय, टाक ते. पोर गेली, आमचीही गेली, मी तिला अंगाखांद्यावर खेळवलीय. पण लोकरीचा गोळा उराशी धरून ती परत येणारेय का? मी तोंडावर बोलते. मला टाकायचा असता तर तिच्यासमोर खिडकीतून टाकला असता. चोरायला काय धाड भरलीय मला?"

"नाश्त्याच्या वेळी तुम्ही टेबलावरच होतात?"

"विचारा त्या वेटरला. थंड टोस्ट तीनदा परत पाठवला मी."

हे इन्स्पेक्टरबाईंनी आधीच विचारलं होतं. वेटर अजून सावरला नव्हता.

"आणि भाऊ?"

"तो चष्मा आणायला वर गेला. जाताना माझंही कार्ड मागून घेतलं, चार्जर इथे राहिलाय म्हणाला. दहा-बारा मिनिटांनी आला. चष्मा आणला, चार्जर विसरला. आठ महिने असाच चाललाय तो. एक करायला जातो, दुसरंच करतो."

इन्स्पेक्टरबाईंनी कपाट उघडलं. प्रत्येक कपाटात आकड्याला एक कापडी पिशवी लटकवलेली असे, खोलीच्या रंगाची. धुवायचे कपडे त्यात घालायचे, चिठ्ठीवर खूण करायची, पिशवी बाहेर दाराच्या मुठीला अडकवायची. साडेदहाला लॉन्ड्रीची गाडी यायची आणि 'आजच हवं' अशी खूण असेल तर तीनला कपडे परत. लॉन्ड्री दोन रस्ते पलीकडे होती. कपडे मिसळू नयेत म्हणून प्रत्येक कपड्याच्या कॉलरला खोलीच्या रंगाचा धागा टाचत.

आकडा रिकामा होता.

"आज कपडे धुवायला दिलेत का?"

"मी? आज निघायचं असताना?"

सकाळी साडेदहाला, ते ओरडणं कानावर येण्याच्या पाचच मिनिटं आधी, इन्स्पेक्टरबाईंनी स्वतःच्या हाताने पिशव्या गाडीत चढवल्या होत्या. पोपटी पिशवी उचलताना हलकी लागली, म्हणून एवढ्याशासाठी गाडीभाडं जातं असं काहीतरी त्या ड्रायव्हरला म्हणाल्याही होत्या. बिनघोर, हसत.

त्या तशाच बाहेर आल्या आणि जिन्यातल्या फोनवरून त्यांनी लॉन्ड्रीला फोन लावला. घड्याळात दीड वाजला होता.

"पोपटी धागा. राखाडी स्वेटर. धुऊ नका! ऐकू येतंय का? आहे तसा काढून ठेवा, पाणी लावू नका!"

पलीकडे यंत्रांची घरघर होती. कोणीतरी कोणालातरी विचारलं. मग तो आवाज परत आला, मदत करायला उत्सुक असलेला.

"काळजी नको मॅडम. लोकरीचा म्हणून हाताने धुतलाय, अगदी स्वच्छ. वाळत घातलाय."

५

घड्याळजी खाली, त्यांनीच चालू केलेल्या घड्याळासमोरच्या कोचावर बसले होते. इन्स्पेक्टरबाई शेजारी बसल्या. क्रेटमधून शोधून काढलेली काचेची डबी त्यांनी मधल्या टेबलावर ठेवली. घड्याळजींनी ती बघितली आणि चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"पिशवीच्या गाठीवर चिमट्याचे टोचे आहेत," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "उशी तुम्ही उलटी ठेवलीत. बहिणीच्या खोलीचं दार दहा बाराला उघडलंय, मी नोंद काढून घेतली. तिच्या खोलीतून दिलात म्हणजे धुतलेला कपडा तिकडे परत येईल, तुम्हाला गुपचूप उचलता येईल, बायकोच्या हातात पडणार नाही. टाकून द्यायला मन झालं नाही तुमचं. हे सगळं मला कळलं. का केलंत ते नीट कळलेलं नाही, पण थोडं कळलंय."

घड्याळजींनी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"सव्वीस वर्षं मी कापडं हुंगतेय. उशीवर कोण झोपलं होतं, कोण नाही, मला वासावरून कळतं. लोकरीत माणसाचा वास दोन महिने राहतो, फार तर तीन. पिशवीला दहा गाठी मारा, आठ महिने नाही राहत. आणि त्या पिशवीत कालचा वास होता."

"अडीच महिने," घड्याळजी म्हणाले. "अडीच महिन्यांत गेला. मी रोज बघत होतो. एके दिवशी ही नाकाशी धरून बसली आणि नुसतीच बसली. तीन दिवस पाण्याचा घोट नाही. मग पोरीच्या ट्रंकेत ही डबी सापडली. तिचीच असणार. ही अंघोळीला गेली तेव्हा बोटाने एवढंसं कॉलरला लावलं. त्या रात्री ही झोपली."

बोलता बोलता त्यांचा अंगठा आणि तर्जनी हवेत काहीतरी बारीक धरल्यासारखी जवळ आली होती.

"मग दर दोन दिवसांनी लावत गेलो. डबी संपत आली तसा चिमट्याच्या टोकाने खरवडून काढलं. इथे मोठं शहर, म्हटलं नवी मिळेल. परवापासून सोळा दुकानं फिरलो. ती कंपनीच आता ही करत नाही. शेवटचा कण काल लावला. आठवड्याने वास आपोआप गेला असता, म्हणजे हिच्या हातातून पोर दुसऱ्यांदा गेली असती. चोरीला गेला तर निदान कोणाचातरी राग येईल. रागावलेला माणूस जेवतो तरी."

"आणि माझी जाऊ? पाच वाजता तिला घरी पाठवतायत. चोर म्हणून."

घड्याळजींनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं आणि त्यामागोमाग शरम आली. "चोरीला गेलं की आपण म्हणतो, कोणीतरी नेलं. तो कोणीतरी म्हणजे एक माणूस असतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही." ते उठले. "मी मॅनेजरला सांगतो. सगळं सांगतो. फक्त हिला एवढं कळू देऊ नका, की तो वास मी लावत होतो. तिला वाटू दे की शेवटपर्यंत पोरीचाच होता."

इन्स्पेक्टरबाईंनी त्यांना खाली बसवलं.

तीन वाजता पाकिटं आली. त्यातलं पोपटी त्यांनी स्वतः उघडलं. स्वेटर छान घडी घातलेला, मऊ, कॉलरला पोपटी धागा. कोपराचं विरलेलं भोकसुद्धा लॉन्ड्रीवाल्याने आपणहून रफू करून दिलं होतं. मग त्या मॅनेजरकडे गेल्या आणि म्हणाल्या, "माझी चूक. अबोलीचा कपडा चुकून पोपटी पिशवीत गेला आणि मी न बघता गाडीत चढवला. काय लिहून द्यायचं ते द्या."

मॅनेजरला ते पटलं नाही, पण सोयीचं होतं. त्याने कागद काढला. चार महिन्यांनी निवृत्त होणाऱ्या बाईंच्या नावावर सव्वीस वर्षांतला पहिला मेमो लागला.

६

अबोली खोलीत बाई एकट्याच होत्या. इन्स्पेक्टरबाईंनी पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि पाठ केलेलं बोलून टाकलं. आमची चूक, पिशव्यांची अदलाबदल, क्षमा मागायलाही तोंड नाही.

बाईंनी स्वेटर उलगडला. तो नाकाशी नेला नाही. कॉलरला बोट लावून त्या धाग्याकडे बघत राहिल्या.

"हा रंग वन्संच्या खोलीचा ना?"

"हो, पण ते चुकून…"

"सकाळी वन्संचं कार्ड यांच्याकडे होतं." त्या पलंगावर बसल्या. "म्हणजे यांनीच."

खोटं बोलायला इन्स्पेक्टरबाई तयार होऊन आल्या होत्या, पण समोरच्या बाईंना काही विचारायचंच नव्हतं.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुम्ही तुमच्या माणसाला वाचवलंत ना? बरं केलंत. मला तुमच्या त्या बाईंवर आळ घ्यायचा नव्हता. पण मला चोर हवा होता हो. पायऱ्या चढून आले, उशी उचलली, रिकामी पिशवी बघितली आणि देवाला म्हटलं, चोर असू दे. कोणीही असू दे, पण हे नसू देत."

"का?"

"आमच्या पोरीला वासाचं काही चालायचं नाही. लहानपणापासून. पावडर लावली तरी शिंकून शिंकून लाल व्हायची. क्रीम वगैरे तिने आयुष्यात लावलं नाही. यांच्याकडे मला दिसलेली ती डबी तिच्याबरोबर राहणाऱ्या मुलीची असणार, सामान भरताना ट्रंकेत आली. यांना काय माहीत? बापांना हे कुठे माहीत असतं?"

खालून घड्याळाचे ठोके ऐकू आले. चार वाजले होते.

"पहिल्याच रात्री कळलं मला. तिचा वास कधीच गेला होता, मी स्वतः बघितलं होतं तो जाताना. आणि त्या रात्री स्वेटरला हे बदामाचं काहीतरी. वळून बघितलं तर हे अंधारात डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघतायत. मी झोपतेय का ते बघायला. मग मी डोळे मिटले. मी झोपले असं वाटलं की हे झोपायचे. पाच-साडेपाच महिने मी तो दुसऱ्याच कोणाचा वास उशाशी घेऊन पडून राहिले. पोरीसाठी नाही. माझ्यासाठी एक माणूस दर दोन दिवसांनी, चोरून, एवढंसं क्रीम लावतंय, म्हणून. मला तेवढंच उरलं होतं."

"मग त्यांना सांगा ना," इन्स्पेक्टरबाई कळवळून म्हणाल्या. "आत्ता सांगा. ते खालीच बसलेत. डबी संपली म्हणून केलं त्यांनी, दुसरं काही नाही. दुकानं पालथी घातली बिचाऱ्यांनी."

"संपली?" बाईंनी विचारलं. त्यांनी कॉलरवरून बोट फिरवलं. "पाणी लावलं असतं कॉलरला तरी मी झोपले असते. साधं पाणी. त्यांना एवढंच करत राहायचं होतं." त्यांनी स्वेटरची घडी घातली, तशीच, लॉन्ड्रीने घातली होती तशी. "आता सांगून काय होणार? त्यांना कळेल की एवढे दिवस जे केलं ते सगळं फुकट होतं. आणि मी झोपत नव्हते, हेही कळेल. नको. तुम्ही कोणालाच काही सांगू नका."

इन्स्पेक्टरबाईंनी मान हलवली. दोन तासांत दोघांनी त्यांच्याकडून तोच शब्द घेतला होता. त्यांना कोडं सुटलं होतं, पुरतं, एक टोक मोकळं राहिलं नव्हतं, आणि त्याचा कोणालाही कणभर उपयोग नव्हता.

पाच वाजता तिघं निघाली. आत्याबाई बॅगांवरून टॅक्सीवाल्याला बोलत होत्या. घड्याळजींनी बायकोसाठी दार उघडून धरलं, तिने पदर सावरून घेतला, दोघं दोन खिडक्यांपाशी बसली. मधे एक बॅग होती.

७

दुसऱ्या दिवशी धाकटीला अबोलीच्या कपाटात स्वेटर सापडला. हॅंगरला नीट लावलेला, कॉलरला पोपटी धागा तसाच.

"मॅडम, राहिलेली वस्तू," असं म्हणून तिने तो टेबलावर ठेवला आणि ती वळली. मेमोचं तिला कळलं होतं. तिने त्याबद्दल काही म्हटलं नव्हतं, आणि जाऊबाई म्हणून हाकही मारली नव्हती. घरीही नाही.

नियम असा की राहिलेल्या वस्तूसाठी पाहुण्यांना फोन करायचा. इन्स्पेक्टरबाईंनी चार दिवस लावले, मग केला. घड्याळजींनी उचलला.

"तुमचा राखाडी स्वेटर इथे राहिलाय. पाठवू का?"

मग ते फोनपासून तोंड बाजूला नेऊन घरात विचारत असल्याचं ऐकू आलं. बाईंचा आवाजही आला, पण शब्द नाही.

"नाही," घड्याळजी म्हणाले. "आमचा नाही तो."

"बरं."

"घड्याळ चालतंय ना खालचं?"

ते परवाच बंद पडलं होतं. सव्वाचारला.

"चालतंय," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या. "अगदी व्यवस्थित."

त्यांनी फोन ठेवला. वहीत तारीख घातली, वस्तूच्या पुढे 'मालक नाही' असं लिहिलं. मग खोलीत कोणी नाही असं बघून स्वेटर नाकाशी धरला. लॉन्ड्रीच्या साबणाचा वास होता, हॉटेलातल्या सगळ्या चादरींना येतो तोच. तरी त्यांनी एक प्लॅस्टिकची पिशवी घेतली, स्वेटर आत घातला आणि गाठ मारून वरच्या फळीवर ठेवून दिला.